एकच सुई दोनदा

लेक तिसऱ्यांदा खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली आणि परत येऊन बसली. समोर वडील पेपरातलं कोडं सोडवत होते. शोधनिबंध दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता आणि साडेअकरा वाजून गेले होते.

सांगायचं तरी कसं? चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी समुद्रातलं एक मऊ पोवळं नवी जात म्हणून जाहीर केलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. तिनंच काढलेलं त्या पोवळ्याचं चित्र अजून भिंतीवर होतं, आणि म्हातारा रोज सकाळी त्यावरची धूळ पुसायचा. पाहुण्यांनी त्या नावाचं कौतुक केलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. लाजते बिचारी, असं लेकीला वाटायचं.

आणि लेकीचं नशीब बघा! त्या पोवळ्याच्या चिकट्यात राहणारे जिवाणू अभ्यासायला गेली, तर नको ते हाती लागलं. शेजारीच वाढणाऱ्या, आधीपासून माहीत असलेल्या जुन्या जातीच्या अंगावरही तेच जिवाणू निघाले, अगदी सगळेच्या सगळे. दोन घरांत तीच माणसं नांदताना दिसली म्हटल्यावर तिला शंका आली. तिनं दोन्ही पोवळ्यांची जनुकं तपासली. तीही तीच. म्हणजे नवी जात नव्हतीच. नियमाप्रमाणे जुनं नाव राहणार, आईचं जाणार. आणि ते खोडायचं कुणी, तर पोटच्या पोरीनं.

शेवटी तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. तुम्ही म्हणाल तर तेवढा भाग गाळते बाबा, म्हणाली. नुसतं जिवाणूंचं लिहिते, कुणाला कळायचंही नाही.

वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली. उठून चित्र उतरवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. पोवळ्याच्या अंगात चुन्याच्या बारीक सुया असतात, त्यांवरून जात ओळखतात. चित्रात खाली सुयांच्या दोन रांगा होत्या, एक जुन्या जातीची, एक नव्या जातीची.

“हे काढतानाच ती म्हणाली होती, ‘अहो, मी एकच सुई दोनदा काढतेय.’ मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.”

त्यावरून आठ दिवस अबोला. तो मिटावा म्हणून त्यांनी पोवळ्याला तिचंच नाव देऊन टाकलं होतं. पुढं त्यांनाही चूक दिसली, पण तोवर छापून झालं होतं आणि तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ती मात्र त्या नावावर जन्मभर रुसून राहिली.

लेकीनं दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. पावणेबारा झाले होते. वडिलांनी तिचा लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला.

“खोड ते नाव. आणि ही चूक सगळ्यांत आधी कुणी धरली, तिथं तेच पुन्हा लिही.”