चारशे बारावी वॉर्निंग

"साहेब, हात घालू नका!" जिन्यावरून धावत येणाऱ्या भाग्यश्रीचा आवाज सातपूरच्या त्या शेडमध्ये घुमला.

नारळ फोडायला निघालेले खंडेराव थबकले. त्यांच्या कारखान्याची रीतच होती तशी. पत्रा दाबून आकार देणारा नवा प्रेस गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मालकांनी नारळ फोडायचा आणि चालत्या प्रेसखाली स्वतःचा हात घालून दाखवायचा. सेन्सरला हात किंवा हाताएवढं काही दिसलं की प्रेस जागच्या जागी थांबायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन टाळ्या वाजवायचं. वीस वर्षांत त्यांच्या बोटाला साधं खरचटलंही नव्हतं.

"आता काय नवीन?" हर्षल वैतागला. प्रेसचा प्रोग्राम त्याचाच. या वेळी जुनी चिप मिळेना म्हणून आदल्या आठवड्यात नवी बसवली. तिच्यासाठी तोच प्रोग्राम तयार करताना संगणकाने चारशे बारा वॉर्निंग दाखवल्या होत्या. कळवणहून नुकतीच नोकरीला आलेली भाग्यश्री आठवडाभर त्याच निस्तरत होती. "तांदूळ निवडून झाले का?" असं येताजाता सगळे तिला चिडवायचे.

"एकच राहिलीय सर. ही अट कधीच खरी होणार नाही, असं म्हणतेय ती."

"वॉर्निंगच आहे ना? एरर तर नाही! मी प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नाही."

"तुम्ही नाही बदललं, चिप बदलली. हात दिसला की सेन्सर उणे एक पाठवतो. आकडा शून्याच्या खाली गेला की थांब, असं तुम्ही लिहिलंय. जुन्या चिपला ते उणे कळायचं. नवी त्याला दोनशे पंचावन्न समजते. मग प्रेस थांबेल कशाला?"

सिन्नरहून आलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं.  आजच घरी पाठवतात की काय, असं भाग्यश्रीला वाटून गेलं. पण ती हटली नाही. तिने खंडेरावांच्या हातातला नारळ घेतला. "हाताआधी हा जाऊ द्या."

नवनाथ ऑपरेटरने लांब चिमट्याने नारळ आत ठेवला, सगळ्यांना मागे सारलं आणि बटण दाबलं.

प्रेस थांबलाच नाही. नारळाच्या ठिकऱ्या गिऱ्हाइकाच्या बुटांपर्यंत आल्या. खंडेराव कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

भाग्यश्री वर गेली. नव्या चिपलाही उणे आकडा कळावा म्हणून तिने प्रोग्राममधला एक शब्द बदलला. चारशे बारावरून एकावर आलेला वॉर्निंगचा आकडा शून्य झाला तेव्हा तिला एकटीलाच हसू फुटलं. प्रोग्राम प्रेसमध्ये भरला आणि दुसरा नारळ आत गेला. प्रेस दणक्यात खाली आला आणि नारळाच्या चार बोटं वर गपकन थांबला. पहिली टाळी हर्षलनेच वाजवली, तीही अगदी मनापासून. मग शेड दुमदुमली.

मुहूर्त साधायला म्हणून नवनाथने तो नारळ फोडायला उचलला.

"राहू दे," खंडेराव म्हणाले. "आजपासून आपल्याकडे हात घालायचा नाही. नारळ घालायचा, आणि तो अख्खा राहिला तरच मशीन गाडीत चढेल."

आणि पाचही बोटं शाबूत असलेल्या त्या उजव्या हाताने त्यांनी तो नारळ भाग्यश्रीच्या ओंजळीत ठेवला.