कोपऱ्यातली सही

"बाबांवरचं तुमचं पुस्तक छापू नका हो, पाया पडते. ती सगळी चित्रं माझ्या आईनं काढलीत. बाबा नुसते कोट घालून प्रदर्शनाला जायचे."

अभ्यासकबाईंनी चष्मा वर सरकवला. "पुरावा?"

"आई आहे ना! तिच्यापुढं कॅनव्हास ठेवून बघा."

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. आईनं भांडी अर्धवट टाकून हात पुसले, खिडकीतला उजेड बघितला आणि दोन तासांत, एकही रेघ न खोडता, निळ्या छपरांची गल्ली उभी केली. बाईंनी बाबांच्या गाजलेल्या चित्राचा फोटो शेजारी धरला, भिंग लावलं.

"तोच हात," त्या पुटपुटल्या. "अगदी तोच."

माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आईनं बारीक ब्रश उचलला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं कोपऱ्यात बाबांची सही ठोकून दिली. शेवटच्या झोकदार शेपटीसकट.

"आई, अगं तुझं नाव घाल!"

"माझं नाव घातलं तर घेणार कोण ते?" म्हणत ती ब्रश धुवायला निघूनही गेली.

बाईंनी सहीवर बराच वेळ भिंग धरलं. मग बाल्कनीत जाऊन प्रकाशकाला फोन लावला. मी दाराशी हात जोडून उभी.

"छपाई थांबवा," त्या म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

"पुस्तकात एक प्रकरण वाढवायचंय. सरांच्या नावानं नकली चित्रं कोण करत होतं, ते आज सापडलं."