वीस मिनिटांचा फोटो

छायाचित्रकार वाहुळ सरांवर मी माहितीपट करत होते. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. पडेगावच्या नव्या प्लॉटिंगमध्ये टँकर आला की सर भर दुपारी कॅमेऱ्याला काळी काच लावून शटर वीस मिनिटं उघडं ठेवायचे.

"हलणारी माणसं फोटोत उमटत नाहीत," ते म्हणायचे. "नुसत्या घागरी राहतात."

मंगळवारचा फोटो धुऊन निघाला, तेव्हा पोचे पडलेल्या एका घागरीपाशी एक बाई स्पष्ट उभी होती.

"वीस मिनिटं न हलता कोण उभं राहतंय?" सरांनी विचारलं. "तुझ्या शूटिंगमधी बघ बरं."

मी त्याच वेळचं चित्रीकरण लावलं. घागरीपाशी कुणीच नव्हतं. पण पाण्यासाठी रेटारेटी करणारी माणसं नेमकी तेवढी जागा सोडून, वळसा घालून जात होती.

"शटर उघडायच्या आधीचं लाव," सर म्हणाले.

लावलं. तीच घागर, तीच रिकामी जागा. कॅमेऱ्यामागून माझाच आवाज आला, "मावशी, मधी येताय. जरा मागं सरकता का?"

असं मी कुणालाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पडद्यावर घागर अलगद उचलली गेली आणि हातभर मागं जाऊन टेकली.