रोजचा एक अध्याय

फोन वाजला तेव्हा हिरामणच्या तोंडात ब्रश होता. कुणाचा असणार, हे बघायची गरज नव्हती.

"प्रेज द लॉर्ड, भाऊ. गोदू बोलतेय, अंबाडीवरनं. आज कुठला अध्याय घ्यायचा?"

"गोदूताई, कंपनीची गाडी येईल माझी. उद्या वाचू."

"उद्याचं कोनी बघलंय? अर्धा वाचा. पन मोठ्यानं वाचा, भाऊ. तोंडातल्या तोंडात नको."

हिरामणने चूळ भरली, फोन स्पीकरवर टाकला आणि कपाटावरच्या सुटकेसवरून पवित्र शास्त्र खाली घेतलं. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. भिवंडीतल्या त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत तो वडील, म्हणजे पुढारी होता; लोक अडीअडचणीला त्याच्याकडेच यायचे. गोदूबाई त्याच्या बायकोच्या महिला-सभेत यायची, एवढीच तिची ओळख. अंबाडी नाक्याजवळ भाजी विकणारी बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नसणार. वचनासाठी हात पसरणाऱ्या अशा बाईला मंडळीच्या वडिलाने नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्याने भराभरा अर्धा अध्याय ओढला.

"म्हंजे काय हो, भाऊ?" पलीकडून प्रश्न आलाच.

"म्हणजे... देव आपल्या दुःखात आपल्याजवळ असतो."

"तुमाला तसं वाटतं?"

"गाडी आली," असं म्हणून हिरामणने फोन ठेवला. गाडी आली नव्हती.

त्याचा राग गोदूबाईवर होता, पण सगळा तिच्यावर नव्हता. बायको, रंजिता, होती तेव्हा सकाळी चहाचा कप मध्ये ठेवून दोघं वाचत. चार ओळी ती, चार ओळी तो. त्यातली एखादीच ओळ दिवसभर पुरायची. गोदामात माल फुटो, साहेब ओरडो, ती ओळ आत कुठेतरी तेवत राहायची. मग रंजिताच्या किडन्या गेल्या. मंडळीने उपास केले, हिरामणने गुडघे झिजवले. तरी ती गेली. मातीहून परत आल्यावर त्याने शास्त्र उचलून सुटकेसवर टाकलं. रविवारी तो चारचौघांत प्रार्थना करायचा, शब्द सराईतपणे यायचे. आत काही हलायचं नाही.

त्या पुस्तकाची त्याला भूक नव्हती असं नाही. भूक होती म्हणूनच चिडचिड होती. अख्खा अध्याय वाचला तरी शब्द ओठांशीच थांबायचे. आणि ही बाई रोज सकाळी हजर! नळ कोरडाठाक, आणि ही आपली खाली हंडा लावून उभी.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन उचललाच नाही. वाजून वाजून थांबला, परत वाजला. हिरामण पायात बूट घालून निघून गेला. सुटल्यासारखं वाटलं.

मानकोलीच्या गोदामात त्या सकाळी यादव नावाच्या ड्रायव्हरने ट्रक भलत्याच दाराला लावला. हिरामण सुपरवायझर, त्याने हटकलं.

"अरे, दस मिनट की बात है, साहब."

"अभी के अभी निकाल!"

यादव खाली उतरता उतरता क्लीनरला म्हणाला, "बीवी मरी तब से इसका दिमाग सटका हुआ है."

पुढचं हिरामणला नीटसं आठवत नव्हतं. यादवची कॉलर त्याच्या मुठीत होती, आणि चार हमाल त्याला मागे खेचत होते. यादवच्या ओठातून रक्त येत होतं. मॅनेजर बाहेर आला. "हिरामण, तू? तू तर भांडणं सोडवणारा माणूस," एवढंच तो म्हणाला, आणि त्याला घरी जायला सांगितलं.

हिरामण फाट्यावर येऊन उभा राहिला. यादव त्याला दारू पिऊनही कितीदा बोलला होता. असा हात कधी उठला नव्हता. आजच का?

तेवढ्यात खिशात फोन वाजला. गोदू.

त्याचं डोकं फिरलं. एकदाचं तोंडावर सांगून टाकायचं, बाई, मी रिकामा आहे, दुसरा कुणी शोध. समोर अंबाडीवरून जाणारी वाड्याची एसटी आली, तो चढला.

अंबाडीत गोदूबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. पडवीत पाच-सहा बाया मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध गोदूबाई, मांडीवर जाडजूड शास्त्र. ती वाचत होती. संथ, खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता. त्याने काल घाईत अर्धवट सोडलेला तोच अध्याय.

हिरामण अंगणातच थबकला.

"तुम्हाला वाचता येतं?"

बाया चपापल्या. गोदूबाईने मान वर केली. "येतं की. सातवी हाय मी."

"मग वर्षभर मला रोज सकाळी कशाला छळलंत? मी काय..." त्याचा आवाज फाटला. "माझ्याकडे द्यायला काही नाही हो, ताई! तुम्हाला कळत कसं नाही?"

"कलतं, भाऊ."

"कळतं? मग फोन कशाला करता?"

गोदूबाईने पुस्तक मिटलं. उठून पडवीच्या पायरीशी आली.

"वहिनीनं दवाखान्यात माझा हात धरला व्हता," ती म्हणाली. "बोलली, माझ्यामागं हे एकटे वाचायचे न्हाईत, गोदू. तू रोज ऐकत जा."