राणीचा पेला
माझ्या बायकोच्या, अनुराधाच्या तेराव्याला तिचे साहेब चारुदत्त दुबईत अल कुसैसला आमच्या घरी आले. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात ती सातवाहन राणी व्हायची आणि साहेब तिला विष देणारे अमात्य. "आधी तुम्ही प्या," म्हणत राणी पेला परत करायची. २००९च्या मंदीत कुणीतरी निनावी पत्र लिहून तिची नोकरी घालवायचा प्रयत्न केला. ती टिकली, बदनामीही टिकली. "धाकट्या बहिणीसारखी होती हो," साहेब सोबत आलेल्या सगळ्या ऑफिससमोर म्हणाले. "तिच्या कपाटात ते पत्र सापडलं," मी म्हणालो. "अक्षर तिने ओळखलं होतं." मग नाटकातला तोच पितळी पेला भरून साहेबांपुढे धरला. "पाणी घ्या." "तहान नाही." बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं, त्यांचा शर्ट घामाने चिकटला होता. ऑफिसची माणसं पेल्याकडे पाहत होती. नाटक सगळ्यांना पाठ होतं. शेवटी ते पाणी मीच प्यायलो.