तिसरा माणूस

"दोन मजली घर आहे, आई. इंटरनेटची, कॅमेऱ्यांची, बेलची, सगळी वायर आजच पाइपात जायला हवी. उद्या प्लास्टर आहे. तीन माणसं लागतील," थोरला म्हणाला.

"तुम्ही दोघं पुरे. एकाने वरून सोडायची, दुसऱ्याने खालून ओढायची."

"आणि मध्ये सांगायला कोण?"

"देवाने तोंडं कशाला दिलीत?"

धाकटा मुकाट्याने वर गेला. बाप गेल्यापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. प्रत्येक कामावर तिसरा माणूस जिन्यात उभा राहून दोघांचे निरोप पोचवायचा.

आई बाहेर टेम्पोत जाऊन बसली. उतरली. पुन्हा बसली. दुपार कलली तरी आत चिडीचूप.

मग वरून धाकटा ओरडला, "दादा, ओढू नकोस! अडकलीय!"

"मग आधी बोलायला काय झालं होतं, गाढवा?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

आईने डोळे पुसले आणि टेम्पोची ताडपत्री उचलली. आत हत्यारांच्या पेटीवर तिसरा माणूस सकाळपासून दडून बसला होता.

"जा बाबा घरी," ती म्हणाली. "दोघं पुरे."