गळलेलं वाक्य

“मोठ्यानं वाच गं, नि एकही वाक्य गाळू नकोस,” छापखान्यातल्या ताई म्हणायच्या. त्यांच्या हाताखालची धाकटी छपाईची कच्ची मुद्रितं वाचायची, ताई लेखकाची मूळ प्रत धरायच्या; वाक्य जुळलं की टेबलावर पेन्सिलीचा ठोका. ही अद्भुत कादंबरीही अशीच पुरी करायचं वचन त्यांनी शेवटच्या आजारात तिच्याकडून घेतलं होतं.

“घोड्यांना पंख, नि आम्हाला साधी रजा नाही!” पहिल्या प्रकरणाला धाकटी एकटीच हसली.

ताईंच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठोका पडला.

देवाचं नाव घेत तिनं पुढचं वाचलं. ठोका. दुसऱ्या प्रकरणात मेलेल्या राणीनं सखीपुढे हात केला. ठोका. त्यापुढच्या वाक्याला मात्र नाही.

तिनं मूळ प्रत पाहिली. मुद्रितात एक वाक्य गळलं होतं: ‘सखीनं तो हात धरला.’

तिला मुद्रितं मिटून ठेवावीशी वाटली. पण शब्द दिला होता. तिनं पदर सावरला आणि हळूच ते वाक्य वाचायला घेतलं.